पावसात रानटर्कीची शिकार : पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलासाठी सविस्तर मार्गदर्शक

पेन्सिल्व्हेनियात रानटर्कीचा वसंत हंगाम एप्रिलअखेरच्या नाहीतर मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि मेअखेरीला संपतो. ॲपलाचियन डोंगरांत हे दिवस पावसाळीच. नोकरी सांभाळून रानात जाणाऱ्याला मिळेल तो दिवस घ्यावा लागतो, आणि त्यातले बरेच ओले निघतात. पाऊस बघून घरी बसणारा शिकारी चांगली संधी सोडतो, असं माझं ठाम मत आहे. मात्र कोरड्या दिवसाची पद्धत पावसात चालवायला गेलात तर सकाळ हमखास वाया जाईल.

कोरड्या दिवशी ही शिकार कानांची असते. नर पहाटे झाडावरून गॉबल करतो, म्हणजे माद्यांना बोलावणारी आरोळी देतो, तुम्ही अंदाज घेऊन त्याच्या टापूत बसता, मादीचा आवाज काढता आणि तो शोधत येतो. पावसात हे गणित मोडतं. पानांवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात टर्कीला कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) किंवा बॉबकॅट (रानमांजर) यांची चाहूल लागत नाही. वासावर हा पक्षी फारसा विसंबत नाही. उरतात डोळे, आणि ते फार तिखट : मान न वळवता जवळजवळ पाऊण वर्तुळ दिसतं, रंगही चांगले कळतात. म्हणून पाऊस लागला की टर्की दाट झाडी सोडून उघड्यावर येते, जिथे चहूबाजूंनी लांबवर दिसेल. शिवाय ओल्या झुडपांतून चालताना पिसं भिजतात आणि भिजलेल्या पिसांनी झटकन उडता येत नाही, हेही एक कारण. पुढचं सगळं तंत्र एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे : तिचे कान निकामी झालेत, ती डोळ्यांवर जगतेय, तेव्हा तिला जिथे दिसतं तिथे आधी जाऊन बसा.

आधी कागदपत्रं, विशेषतः व्हिसावर असाल तर

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असणाऱ्यांना इथे वेगळी अडचण नाही. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना मात्र संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला एक अपवाद आहे : अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची बंदूक हातात धरणं हेही बाळगण्यात मोडू शकतं, म्हणून परवाना आधी आणि बंदूक नंतर. व्हिसाचा प्रश्न आहे, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्याच.

पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. परवाना राज्याचा गेम कमिशन विभाग देतो. वसंतात फक्त दाढी असलेला पक्षी मारता येतो, म्हणजे छातीवर केसांसारखा झुबका लोंबणारा. बहुतेक वेळा तो नर असतो. दोन नियम पावसात जास्त महत्त्वाचे ठरतात. एक, हंगामाच्या पहिल्या भागात शिकार दुपारी १२ पर्यंतच. दुसरा, वसंतात टर्कीला आवाज देऊन बोलवायचं असतं, तिच्या मागावर दबकत जायचं नाही. ओली पानं वाजत नाहीत म्हणून दबकत जाण्याचा मोह होतो, पण ते बेकायदा तर आहेच आणि जिवावर बेतणारंही आहे. इतर राज्यांत तारखा, वेळा आणि नियम वेगळे असतात. दर वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय निघू नका.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या पिढीने शिकार पाहिलेलीच नाही, त्यामुळे हे सगळं कशाला, असं घरातून विचारलं जातं. त्याचं उत्तर टर्कीच्या इतिहासातच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार मारामुळे आणि जंगलतोडीमुळे हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला. पुढे १९५० च्या दशकापासून तोफेने उडवायच्या जाळ्यांत रानपक्षी धरून ते रिकाम्या जंगलांत नेऊन सोडले गेले. आज देशात रानटर्कीची संख्या लाखांत आहे. परवान्याचे पैसे आणि तुम्ही कळवलेली नोंद हा त्याच कामाचा भाग आहे.

पाऊस कोणता आहे ते ओळखा

आदल्या रात्री तासातासाचा अंदाज आणि रडार दोन्ही बघा. किती पाऊस पडणार यापेक्षा पावसाच्या पट्ट्याची शेवटची कड तुमच्या जागेवरून कधी सरकणार, हे जास्त कामाचं.

भुरभुर असेल तर पक्षी जवळपास नेहमीसारखाच वागतो, फक्त गॉबल कमी करतो. अशा दिवशी लोक घरी असतात आणि जंगल तुमचं असतं.

संततधार लागली की टर्की झाडावरून उतरायला उशीर करते. बरेचदा उजाडून तास उलटला तरी ती रातथाऱ्यावरच असते, विशेषतः हेमलॉक किंवा व्हाइट पाइनच्या दाट फांद्यांत. खाली उतरल्यावर मात्र ती थेट शेतात किंवा कुरणात जाते आणि तिथेच रेंगाळते. हा दिवस लपणात, म्हणजे आडोशाच्या कापडी तंबूत, बसून काढायचा.

मुसळधार आणि वारा एकत्र असतील तर जाऊ नका. पक्षी हलत नाहीत, तुम्हाला नीट दिसत नाही, आणि जखमी पक्षी पळाला तर पावसात माग धुऊन जातो. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

वीज असेल तर चर्चाच नको. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. गाडीत किंवा पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. मोकळ्या शेताच्या कडेचं एकटं झाड आणि त्याखाली धातूच्या दांड्यांचं लपण ही सगळ्यात वाईट जागा. एक गंमत मात्र गाडीतूनही ऐकता येते. ढग गडगडले की मोर ओरडतो हे आपल्याला माहीत आहे. टर्की मोराच्याच कुळातली, आणि गडगडाटाला नर टर्की अनेकदा अनावर होऊन गॉबल करतो. कान देऊन ऐका, त्याचा ठावठिकाणा आपोआप कळतो.

आणि उघडीप. पाऊस थांबून ऊन पडल्यावरचा पहिला तास मला अख्ख्या हंगामात सगळ्यात मोलाचा वाटतो. पक्षी उघड्यावर येऊन पिसं झटकतात, चोचीने साफ करतात, उन्हात वाळवतात, आणि सकाळभर गप्प असलेला नर एकदम बोलू लागतो. दुपारी १२ ची मर्यादा असताना पाऊस १० ला थांबणार असेल तर तुमच्याकडे दोनच तास आहेत. ते चालण्यात घालवू नका. उघडीप होण्याआधीच जागेवर बसलेले असा.

जागा : इथे सगळा वेळ घाला

शेतं, कुरणं, विजेच्या तारांखालचे साफ केलेले पट्टे, जुन्या खाणी बुजवून गवत लावलेली पठारं, रुंद जंगलरस्ते, नुकतीच तोड झालेले तुकडे. पावसात टर्की इथे सापडते. शेतांतही फरक आहे. मेपर्यंत लसूणघास किंवा गवत गुडघ्याच्या वर गेलं असेल तर पक्षी त्यात शिरत नाही, कारण पोट भिजतं आणि दिसतही नाही. आखूड चरलेलं कुरण, मक्याची जुनी धसकटं असलेलं रान, नुकतंच नांगरलेलं शेत जास्त चांगलं. ओल्या जमिनीत गांडुळं आणि किडे वर येतात, तो आणखी एक फायदा.

शेत निवडलंत की त्यातला कोपरा निवडा. वारा असेल तर आडोशाची बाजू. शेताला उंचवटा असेल तर तो, कारण नर पिसारा फुलवून नाचायला दिसेल अशी जागा घेतो. रातथाऱ्याची झाडं जवळ असतील तर त्यांच्याकडून शेतात उतरणारी वाट. दोन शेतं एका बारीक झाडीच्या पट्ट्याने जोडलेली असतील तर त्या तोंडाशी बसायला मला फार आवडतं.

हे सगळं आदल्या दिवशी बघून ठेवायचं, आणि पावसात जमीनच तुम्हाला मदत करते. आदल्या संध्याकाळी सर येऊन गेली असेल तर चिखलात उमटलेली पावलं त्यानंतरचीच आहेत. पावलाची लांबी चार इंचांहून जास्त दिसली तर बहुधा नर. नराची विष्ठा लांबट, एका टोकाला वळलेली असते, मादीची गोळा झालेली. मातीत पावलांच्या दोन्ही बाजूंना समांतर ओरखडे दिसले तर तिथे नर पंख घासत नाचलाय. त्या जागेपासून २० यार्डांत बसा.

शेत खाजगी असेल तर मालकाची परवानगी घ्यायचीच, पण पावसात आणखी एक पथ्य आहे. ओल्या शेतात गाडी घालू नका, पेरलेल्या तासांमधून चालू नका. चाकांच्या चाऱ्या पाडल्या तर पुढच्या वर्षी तुम्हालाच नाही, तुमच्या मागून येणाऱ्या कुणालाच परवानगी मिळणार नाही. खाजगी जमिनीची सोय नसेल तर राज्याच्या शिकारभूमी सुमारे १५ लाख एकर आहेत, आणि त्यांतही वन्यप्राण्यांसाठी पेरलेले गवताचे तुकडे असतात. पावसाच्या दिवशी त्यांच्या कडा धरा.

लपण, कपडे, अंग

उभारता येणारं कापडी लपण कोरड्या दिवशी मला ओझं वाटतं, पण पावसात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तुम्ही कोरडे राहता, कॉल (टर्कीचा आवाज काढायची साधनं) कोरडे राहतात आणि हात हलवता येतो. ते उजाडण्याआधी शेताच्या कडेला, झाडीला पाठ लावून उभं करा. आतलं गवत आणि पानं पायांनी बाजूला सारा म्हणजे चुळबुळ वाजणार नाही. मागच्या खिडक्या बंद ठेवा. मागून उजेड आला तर तुमची आकृती स्पष्ट दिसते. लपण कसं असावं याचेही राज्याचे नियम आहेत, ते विकत घेण्याआधी तपासा.

लपण नसेल तर खांद्याहून रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. पाठीमागून कुणी चुकून गोळी झाडली तर तो बुंधा तुमचं रक्षण करतो, आणि आकृतीही मोडतो.

कपड्यांत सुती काही नको. भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं, आणि ८-१० अंश तापमानात तासन् तास न हलता बसलेला माणूस गारठून आजारी पडायला बर्फाची गरज नसते. आत लोकर किंवा सिंथेटिक, वर पावसाचा कोट. कोट घेताना दुकानातच बाही बाहीवर घासून बघा. कडकड वाजणारा स्वस्त प्लास्टिकचा कोट पाऊस थांबताक्षणी तुमचा घात करील. पायात रबरी बूट, बुडाखाली फोमची गादी, पिशवीत कोरडे हातमोजे आणि मोज्यांची जोडी.

लाल, पांढरं आणि निळं काहीही अंगावर नको, आतल्या बनियनची कॉलरसुद्धा नाही. नर टर्कीच्या डोक्याचे हेच रंग. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगिराच्या दरबारात आणलेल्या नवलाच्या प्राण्यांत एक नर टर्की होता. उस्ताद मन्सूरने त्याचं काढलेलं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. माजावर आला की त्याचं डोकं पोवळ्यासारखं लाल होतं, मग कापसासारखं पांढरं, मग पिरोजी, असं खुद्द जहांगिराने लिहून ठेवलंय. धूसर पावसात झाडीमागे हलणारा या रंगांचा ठिपका दुसऱ्या शिकाऱ्याला काय वाटेल, याचा विचार करा.

गोचिडांना ओलसर हवा मानवते आणि लाइम रोगाचं प्रमाण या राज्यात फार आहे. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशीच मारून वाळवा, विजारीचे पाय मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे नीट तपासा.

कॉल : काय चालतं, काय नाही

लाकडी पेटीचा कॉल खडू लावलेल्या लाकडाच्या घर्षणावर वाजतो. खडू ओला झाला की तो मुका. पाटीच्या दगडाच्या कॉलचंही तेच. तरीही पेटी घरी ठेवू नका, कारण पावसाच्या आवाजातून आरपार जाणारा उंच, मोठा आवाज तिच्याइतका कुणाचा नाही. जुना उपाय असा : पेटी पावाच्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि पिशवीत हात घालून तशीच वाजवा. पिशवी थोडी सैल हवी. लपणात असाल तर त्याचीही गरज नाही.

दगडाऐवजी काचेचा किंवा ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आणि ॲक्रिलिक किंवा कार्बनची काडी घेतलीत तर थोड्या ओलीतही आवाज निघतो. पृष्ठभाग पुसायला कोरडा रुमाल झिपच्या पिशवीत ठेवा.

तोंडात धरायचा पडद्याचा कॉल पावसाळ्याचा राजा. तो ओलाच असावा लागतो, आणि दोन्ही हात बंदुकीला मोकळे राहतात. शिकायला वेळ लागतो, घरचे वैतागतात. हिवाळ्यात गाडी चालवताना सराव करा. सुरुवातीला फक्त येल्प (मादीची लयबद्ध हाक) आणि क्लक (एकच तुटक आवाज), एवढं आलं तरी पुरे.

आता किती आवाज द्यायचा? धो धो पावसात हळू येल्प केला तर तो कुणाच्याच कानावर पडत नाही. पावसाचा जोर असेल तेव्हा मोठ्याने, दर १५-२० मिनिटांनी एक मालिका. जोर ओसरला की आवाजही खाली आणा. उघडीप होताच थोडं थांबा, मग हलके क्लक आणि दोन-तीन येल्प. उत्तर आलं नाही म्हणून उठू नका. पावसात नर न बोलता येतो, आणि ओल्या पानांवर त्याची पावलंही वाजत नाहीत. कोरड्या दिवशी कानांनी मिळणारी सूचना इथे मिळणार नाही, तेव्हा शेताची कड सतत डोळ्यांनी चाळत राहा, सावकाश, फक्त बुबुळं हलवून.

उघड्यावर तो लांबून बघतो आणि जिथून आवाज आला तिथे मादी दिसली नाही तर येत नाही. म्हणून पावसात डिकॉय, म्हणजे नकली टर्की, जवळजवळ अनिवार्य. १५ ते २० यार्डांवर एक मादी, हवा तर सोबत एक कोवळा नर, ज्याचं तोंड तुमच्याकडे असेल. मोठा नर त्याच्याशी समोरासमोर भिडायला येतो आणि तुमच्याकडे पाठ करतो. फोमचे डिकॉय पाण्याने वाकतात, टणक प्लास्टिकचे टिकतात. पाण्याने चकाकले तर अधूनमधून पुसा. नेताना-आणताना ते नारिंगी पिशवीत झाका, हातात उघडं पाखरू घेऊन जंगलातून कधीही चालू नका.

बंदूक आणि नेम

१२ किंवा २० बोअरची शॉटगन, टर्कीसाठीचा घट्ट चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग), आणि शिशाचे छर्रे असतील तर ४ नंबरहून मोठे नाहीत (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). हंगामाआधी त्याच काडतुसांनी कागदावर २०, ३० आणि ४० यार्डांवर छर्रे कसे पसरतात ते बघा.

पावसात चालताना नळीचं तोंड खाली ठेवा म्हणजे पाणी आत जाणार नाही, पण चिखलात टेकू देऊ नका. शंका आली की बंदूक रिकामी करून मागच्या बाजूने नळीतून बघा. नळीत चिखल किंवा काडी अडकली असताना चाप ओढला तर नळी फुटते. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन) वापरत असाल तर काचेवर झाकण हवं. थेंब साचलेल्या काचेत ठिपका पसरतो.

पाऊस आणि धुक्यात अंतराचा अंदाज फसतो, आणि लेझरचं अंतरमापकही दाट पावसात खोटं बोलू शकतं. बसल्या बसल्या, पाऊस कमी असताना, चार खुणांची अंतरं मोजून ठेवा : तो खांब, ते झुडूप, तो दगड. माझी मर्यादा पावसात ३५ यार्ड. तेवढ्यावर आला नाही तर जाऊ द्या.

ढगाळ पहाटे कायद्याने वेळ झालेली असते पण उजेड झालेला नसतो. भिजलेल्या नराची दाढी छातीला चिकटून बसते आणि भिजलेला पक्षी बारीक, काळपट, अनोळखी दिसतो. दाढी स्पष्ट दिसेपर्यंत सेफ्टी काढायची नाही. आवाजावर, रंगावर, हालचालीवर कधीही गोळी नाही. दुसरा शिकारी जवळ आला तर हात हलवू नका, मोठ्याने माणसाच्या भाषेत बोला.

नेम मानेच्या मुळाशी, पक्षी पिसारा मिटून मान ताणतो त्या क्षणी. पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा एक तीव्र क्लक करा, तो डोकं वर काढतो. गोळी लागताच बंदूक सुरक्षित करून लगेच जा.

एक गोष्ट शिकारीपलीकडची. मेमध्ये माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, २८ दिवस. झुडपातून पायाशी मादी उठली तर घरटं शोधू नका, थांबू नका, आल्या वाटेने मागे फिरा. थंड पावसात अंडी उघडी राहिली तर ती गारठतात.

पक्षी हाती आल्यावर

टॅग, म्हणजे शिकारीची नोंद करायची चिठ्ठी, तिथल्या तिथे भरून पक्ष्याला बांधायचा असतो. तो झिपच्या पिशवीत ठेवा आणि बॉलपेन न्या, शाईचं पेन पाण्यात पसरतं. गेम कमिशनला १० दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

ओला पक्षी बंद प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकू नका, मांस लवकर बिघडतं. आतडी लगेच काढा, पोकळी कोरड्या कापडाने पुसा, बर्फाच्या पेटीत ठेवा. ओली पिसं उपटण्यापेक्षा कातडी सोलणं सोपं. पिसारा ठेवायचा असेल तर आधी हेअर ड्रायरच्या थंड हवेने वाळवा, मुळाशी राहिलेलं मांस खरवडा, बोरॅक्स पावडर भरा आणि पुठ्ठ्यावर टाचण्यांनी पसरून दोन-तीन आठवडे ठेवा.

छातीचं मांस पटकन शिजतं, पातळ काप करून तव्यावर परता. मांड्या आणि पाय चिवट असतात म्हणून इथले बरेच लोक ते टाकून देतात, ते मला पटत नाही. काळा मसाला, भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण आणि कुकरच्या भरपूर शिट्ट्या, रस्सा उत्तम होतो. शिजवण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून छर्रे काढा.

त्याच संध्याकाळी बंदूक उघडून, पुसून, नळीत तेलाचा बोळा फिरवा. लाकडी कॉल हीटरजवळ ठेवू नका, तडकतो. खोलीच्या हवेत दोन दिवस वाळू द्या, मग नवीन खडू लावा.